टॉकीज गेल्या, तंबूही उठले

चित्रपटांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. नटनट्यांची चरित्रे आहेत, दिग्दर्शकांचे गौरवग्रंथ आहेत आणि गाण्यांच्या तर वह्याच्या वह्या घरोघरी आहेत. पण ज्या लाकडी खुर्चीत ढेकणांचे चावे सोसत आपण नायिकेच्या दुःखाने रडलो, त्या खुर्चीची विचारपूस कोणी करीत नाही. सिनेमा आठवतो, तो जेथे पाहिला ती जागा मात्र आपण विसरून जातो. म्हणून या दिवाळीत त्या जागांविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

सिनेमा आपल्याकडे आला तो स्वतःचे घर घेऊन नव्हे, बिऱ्हाडकरू म्हणून आला. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. आठवड्याभरात हे बिऱ्हाड नॉव्हेल्टी या नाटकगृहात हलले. पुढे कितीतरी वर्षे ही करमणूक कधी नाटकगृहाच्या वळचणीला, तर कधी मैदानातल्या कनातीत दिवस काढीत होती. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला, तोवर मुंबईत सिनेमाला बऱ्यापैकी स्वतःचे छप्पर मिळालेले होते.

फाळके आमच्या नाशिक जिल्ह्याचे. 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मले, मुंबईत नाव काढल्यावर पुन्हा नाशकात आले. 1918 साली हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी येथेच उभी राहिली आणि 1944 साली त्यांनी देह ठेवला तोही नाशकातच. म्हणजे भारतीय सिनेमाचा पाळणा हलला तो गोदाकाठी, असे आम्ही नाशिककर थोड्या ऐटीने सांगतो!

याच नाशकातल्या विजयानंद थिएटराची कथा मी मराठीच्या वर्गात आवर्जून सांगतो. देवलांचे ‘संगीत शारदा’ शिकवायला घेतले की विजयानंदचे नाव निघतेच. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री तेथे ‘शारदा’चा प्रयोग होता. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनला निरोप द्यायला शहर जमले होते आणि तेथेच अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे याच विजयानंदमध्ये सिनेमे लागू लागले. ज्या वास्तूत इतिहास घडला तेथे लोक भुईमुगाच्या शेंगा सोलत मारामारीचे सिनेमे पाहू लागले. मला यात काही वावगे वाटत नाही. थिएटराचा स्वभावच असा, ते सर्वांना पोटात घेते.

आता या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चला. दिंडोरी, वणी मागे टाकून घाट चढला की सुरगाणा लागते. पूर्वीचे हे छोटेसे संस्थान. पलीकडे गुजरातचा डांग. माझ्यापुरते सांगायचे तर माझे पहिले थिएटर हे दगडाविटांचे नव्हतेच. जत्रेत येणारा तंबू हेच माझे थिएटर.

सकाळी ट्रक यायचा. त्यातून कनाती, बांबू, जनरेटर, लोखंडी पेट्या उतरायच्या. दुपारपर्यंत खुंट्या ठोकल्या जायच्या आणि भोंग्यावरून एक घोगरा आवाज रात्रीच्या खेळाची जाहिरात करू लागायचा. तिकीट काढून आत गेले की खाली माती आणि वर ताडपत्री. घरून आणलेले गोणपाट ज्याने आधी अंथरले त्याची जागा. गर्दी झाली की काहीजण पडद्याच्या मागे बसत. तेथून चित्र दिसायचे पण उलटे. नायक डावखुरा व्हायचा आणि अक्षरे आरशातल्यासारखी दिसायची. पण वाचता न येणाऱ्यांना त्याचे काय? रडू दोन्ही बाजूंना सारखेच यायचे. 1991 सालचा ‘माहेरची साडी’ मी अशा तंबूत पाहिला. बायांचे हुंदके जनरेटरच्या आवाजावर मात करीत होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

तंबूत बहुधा एकच यंत्र असे. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, दोन हजार फुटांचे बावीस मिनिटांत. शहरातल्या टॉकीजमध्ये दोन यंत्रे असत. एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमके आणि ऑपरेटर दुसरे यंत्र सुरू करी. प्रेक्षकाला पत्ताही लागत नसे. आमच्या तंबूत मात्र रीळ संपले की दिवा लागायचा. खलनायकाने सुरा उगारलेला आणि इकडे चणेवाला “गरमागरम!” म्हणत फिरतोय! त्या चार मिनिटांत गावातले लग्न जमे, बैलाचा सौदा पक्का होई आणि नायिकेचे पुढे काय व्हावे याचा निकालही लागे.

आमच्या भागातल्या माणसांना हे सारे परके वाटले नाही याचे एक कारण मला दिसते. ते म्हणजे बोहाडा. सुरगाणा, पेठ, जव्हार या पट्ट्यात चैत्र-वैशाखात रात्ररात्र चालणारा मुखवट्यांचा हा उत्सव. संबळ आणि सनईच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात गणपती येतो, सरस्वती येते, रावण येतो, नरसिंह येतो. समोरचा देव हा आपल्याच आळीतला माणूस आहे हे ठाऊक असूनही हात जोडले जातात. ज्यांनी असे देव अंधारात पाहिले होते, त्यांना कापडावर प्रकटणारे देव पाहून नमस्कार करायला कोणी शिकवावे लागले नाही. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये 1917 साली अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने राम आणि सीता ही दोन्ही कामे केली, हे मी वर्गात सांगितले तेव्हा शहरातून आलेली मुले हसली, पण आमच्या पाड्यांवरची मुले हसली नाहीत. त्यांच्या बोहाड्यात बायकांची सोंगे पुरुषच घेत आले आहेत.

पक्क्या भिंतींच्या थिएटरांचे पुढे काय झाले? पुण्यातले आर्यन 1915 साली मंडईजवळ सुरू झाले. आज तेथे मोटारी उभ्या राहतात. गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये 14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय पडदा बोलू लागला. ती इमारतही गेली. पण त्या थिएटराशेजारी केशवराव कोठावळ्यांनी पुस्तकांचे दुकान काढले होते. त्याने थिएटराचे नाव घेतले, म्हणून ‘मॅजेस्टिक’ हे नाव आजही मराठी पुस्तकांच्या पाठीवर वाचायला मिळते. एक वास्तू वाहनतळ झाली, दुसरीचे नाव ग्रंथांवर राहिले. दैव म्हणतात ते वास्तूंनाही असते!

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात 1936 च्या डिसेंबरात ‘संत तुकाराम’ लागला आणि वर्ष उलटून गेले तरी उतरला नाही. दामले-फत्तेलालांचा हा देहूचा वाणी 1937 साली इटलीतल्या व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही वाखाणला गेला. त्याच इटलीच्या ज्युसेप्पे तोर्नातोरे या दिग्दर्शकाने 1988 साली ‘सिनेमा पॅराडिसो’ काढला. सिसिलीतल्या एका लहानशा गावातले थिएटर, त्याचा ऑपरेटर आणि त्याच्या खोलीत घुटमळणारे एक पोर यांची ती गोष्ट. जुनी फिल्म फार ज्वालाग्राही असे. त्या आगीत ऑपरेटर आंधळा होतो. शेवटी थिएटर सुरुंग लावून पाडतात आणि सारे गाव उभे राहून ते पाहते. आमच्या मुलांना मी तो सिनेमा दाखवला तेव्हा भाषा कोणाला कळली नाही, पण गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

मात्र एक फरक आहे. पक्के थिएटर पडते तेव्हा निदान धूळ उडते आणि चारजण हळहळतात. तंबू पडत नाही, तो उठतो. आणि एखाद्या वर्षी नुसताच येत नाही. डिजिटल यंत्रे आली, रिळे निघेनाशी झाली आणि पाड्यापाड्यावर मोबाइल पोहोचला. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमावाल्यांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट झाला आणि 2016 साली तो कान महोत्सवात दाखविला गेला. जगाने दखल घेतली ती तंबू बव्हंशी उठून गेल्यावर. खुंट्यांची भोके तर एका पावसात बुजतात.

मोबाइलवर आज हवा तो सिनेमा हव्या त्या वेळी दिसतो. त्याची मला तक्रार नाही. दरीतल्या पाड्यावरच्या मुलीला सारे जग दिसावे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण शेजारच्या गोणपाटावर वैरी बसला आहे आणि दोघेही एकाच प्रसंगाला डोळे पुसत आहेत, हे त्या चिमुकल्या पडद्यावर घडत नाही. तंबूने आम्हांला सिनेमा दाखवला खरा. पण त्याहून अधिक म्हणजे आम्हांला एकमेकांना दाखवले.

गेली दोन वर्षे मी विद्यार्थ्यांना सुटीचा अभ्यास देतो: घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, पहिला सिनेमा कुठे पाहिला, कोणाबरोबर, किती चालत गेलात, तिकीट कशाला विकून काढले. एका मुलीच्या आजीने कोंबडीची अंडी विकून तिकीट काढले होते. सिनेमाचे नाव ती विसरली होती. अंडी किती होती ते मात्र तिला पक्के आठवत होते. सतरा! आता त्या वहीत पंचेचाळीस जणांच्या हकिकती जमल्या आहेत. सांगणाऱ्यांपैकी चारजण आज नाहीत.

वाचकहो, दिवाळीत घर भरलेले असते. फराळाची ताटे पुढे आहेत, आजी-आजोबा झोपाळ्यावर आहेत. त्यांना हा एक प्रश्न विचारून पाहा, आणि जे सांगतील ते तारीखवार लिहून ठेवा.