रात्रपाळीनंतर दिवसा झोप का लागत नाही? मेंदूतल्या ‘व्हीआयपी’चा खेळ

बेळगाव : उद्यमबागेतल्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून सकाळी घरी येणाऱ्या कामगारांची एक तक्रार नेहमीची असते. अंग मोडून आलेलं असतं, पण अंथरुणावर पडलं की डोळा लागत नाही. लागलाच तर दोन-तीन तासांत जाग येते. उलट पहाटे तीन-चारला मशीनसमोर डुलक्या येतात. याचा दोष सवयीला दिला जातो. खरं कारण मेंदूतल्या घड्याळात आहे.

दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर सुमारे 20 हजार पेशींचा एक छोटा पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. झोप, शरीराचं तापमान, भूक, हार्मोन यांची वेळ ते ठरवतं. पेशीतलं हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालतं, हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे, या पुंजक्यातल्या पेशींची घड्याळं एकसारखी नसतात. वेगळ्या केल्या तर कुणाचा दिवस 24 तासांपेक्षा कमी भरतो, कुणाचा जास्त. मग सगळ्यांचा मेळ बसतो कसा? भजनातल्या टाळकऱ्यांसारखा, एकमेकांचा ताल ऐकून. हा ताल पोचवणाऱ्या रेणूचं नाव व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड, थोडक्यात ‘व्हीआयपी’. तो 1970 मध्ये डुकराच्या आतड्यात सापडला, म्हणून नावात आतडं आलं. मेंदूतही तो असतो, हे नंतर कळलं.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात एरिक हर्झॉग यांच्या गटाने 2005 मध्ये व्हीआयपी नसलेल्या उंदरांच्या पेशी तपासल्या. बऱ्याच पेशींचा ताल बंदच पडला होता. ज्यांचा चालू होता, त्या आपापल्या लयीत वाजत होत्या. घड्याळं होती, पण वेळ एक नव्हती.

आता सकाळच्या उन्हाचा संबंध पाहू. उजेड पडला की डोळ्याच्या पडद्यातल्या खास पेशी या पुंजक्याला ग्लुटामेट या रेणूने निरोप देतात. तिथल्या व्हीआयपीवाल्या पेशी तो पुढे पसरवतात, ‘दिवस उजाडला’. कामगार रात्रभर जागलेला असतो, पण घरी येताना उन्हातून येतो. त्यामुळे घड्याळ दिवसाचंच राहतं. त्यात पाळी दर आठवड्याला बदलली, तर हे घड्याळ नव्या वेळेला पुरतं जुळायच्या आतच पुन्हा पाळी फिरते.

हर्झॉग यांच्याच गटाने 2013 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. व्हीआयपी जास्त झालं की पेशींचा मेळ थोडा सैल पडतो, आणि असे उंदीर नव्या वेळेला लवकर रुळतात. माणसासाठी मात्र यावरून अजून गोळी निघालेली नाही.

तोवर उपाय साधे आहेत. सकाळी घरी येताना काळा चष्मा लावावा. झोपायची खोली जाड पडद्याने अंधारी करावी. झोपण्याआधी मोबाइल बाजूला ठेवावा. आणि घरच्यांनी ‘दिवसभर लोळतोय’ म्हणू नये. त्याची रात्र तेव्हाच सुरू झालेली असते.