घोडे कुठे पेंड खाते?

महालक्ष्मी रेसकोर्सवर फेव्हरिट घोडा मागे पडला, की स्टँडमधून येणारा पहिला आरोप ठरलेला असतो : ‘जॉकीने घोडा खेचला!’ म्हणजे मुद्दाम लगाम आवळून त्याला जिंकू दिले नाही. पैसे बुडालेल्याचा राग समजू शकतो. पण पुष्कळदा प्रकार नेमका उलटा असतो. खेचत असतो तो घोडा, आणि जॉकीचे खांदे निखळायची वेळ आलेली असते.

१ जून २०१३ रोजी इंग्लंडमध्ये एप्समच्या डर्बीत हेच घडले. डॉन अप्रोच हा आयर्लंडचा घोडा तोवर सातपैकी सातही शर्यती जिंकला होता. महिन्याभरापूर्वीच त्याने १६०० मीटरची ‘टू थाउजंड गिनीज’ मारली होती. डर्बीचा तो फेव्हरिट होता. सुरुवातीला शर्यतीचा वेग मंद पडला आणि मागून पळायला लावलेला हा घोडा बिथरला. मान वर फेकत, तोंड वासून तो लगामाशी झुंजू लागला. जॉकी केव्हिन मॅनिंग त्याला आवरत राहिला, घोडा ऐकेना. शेवटच्या टप्प्यात त्याच्यात काही उरलेच नव्हते. बारा घोड्यांत तो बारावा आला.

रेसच्या भाषेत याला घोडा ‘सेटल’ न होणे म्हणतात. सेटल झालेला घोडा मान सैल सोडून, एका लयीत, जॉकी देईल त्या वेगाने पळतो आणि शेवटच्या पाच-सहाशे मीटरसाठी ताकद राखून ठेवतो. न झालेला घोडा ती आधीच उधळून टाकतो. हा नुसता स्वभावाचा प्रश्न नाही. त्यामागे शरीराचा रोकडा हिशेब आहे.

विश्रांतीत घोड्याचे हृदय मिनिटाला ३० ते ४० ठोके देते. शर्यतीत ते २२०च्या पुढे जाते. प्लीहेत त्याने तांबड्या पेशींचा मोठा साठा राखलेला असतो. पळताना किंवा नुसत्या भीतीनेही प्लीहा आकुंचन पावते आणि हा साठा रक्तात येतो. एरवी रक्तात चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले या पेशींचे प्रमाण साठ टक्क्यांवर जाते. प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्यामुळे वाढते खरी, पण तीही अमर्याद नाही. स्नायूंची मागणी पुरवठ्याच्या पलीकडे गेली, की ऊर्जा प्राणवायूविना तयार होऊ लागते, स्नायूंत आम्लता साचते आणि पाय जड होतात. प्रत्येक शर्यतीत हे कधीतरी होतेच. सेटल न झालेल्या घोड्याच्या बाबतीत ते फार लवकर होते. त्यात एप्समचा पहिला अर्धा टप्पा चढाचा आहे.

दुसरी अडचण श्वासाची. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. माणसासारखे तोंडाने धापा टाकणे त्याला जमत नाही. भरधाव पळताना एका टापेला एक श्वास, असे त्याचे गणित बांधलेले असते. लगामाशी झगडताना ती लय मोडते. तोंड उघडते, जीभ मागे सरते आणि काही घोड्यांत मऊ टाळू जागेवरून सरकून श्वासनलिकेच्या तोंडाशी येतो. तेव्हा घशातून घरघर ऐकू येते आणि घोडा ब्रेक लावल्यासारखा थांबतो. काही घोड्यांची जीभ पट्टीने बांधतात, ती यासाठीच.

मग घोडा झुंजतो का? मुळात तो कळपाचा, शिकार होणारा प्राणी. कळप पळू लागला, की पळायचे, हे त्याच्या रक्तात आहे. थांबायला सांगणारा लोखंडी तुकडा त्याच्या तोंडातल्या सर्वांत नाजूक हिरडीवर टेकलेला असतो. दाब वाढला, की कित्येक घोडे मागे हटण्याऐवजी त्या दाबावरच रेलतात. म्हणून चांगला जॉकी ओढाताण टाळून घोड्याला दुसऱ्या घोड्यांच्या आडोशाला नेतो. समोर भिंत दिसली, की बरेच घोडे निवतात. त्याचा आणखी एक फायदा आहे. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हजारो शर्यतींच्या नोंदी तपासून दाखवले, की आडोशाने पळणाऱ्या घोड्याला हवेचा विरोध दोन-तृतीयांशापर्यंत कमी होतो. गर्दीच्या आवाजाने बिचकणाऱ्या घोड्याच्या कानांवर टोपी चढवतात. डोळ्यांवरची झापडे मात्र जपून वापरावी लागतात. रेंगाळणाऱ्याला ती उपयोगी पडतात, आधीच उतावळ्या घोड्याला आणखी पेटवतात.

जे घोडे वारंवार असे वागू लागतात, त्यांच्याबाबत तबेल्यात आणखी एक शंका घ्यायला हवी : काही दुखत तर नाही ना? घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरते. ते सौम्य करणारी लाळ सुटते ती फक्त चावताना. माळावर दिवसभर चरणाऱ्या जनावराला हे ठीक आहे. रेसच्या घोड्याला मात्र ठरावीक वेळी भरपूर दाणा आणि उरलेला दिवस बंद ठाण. परिणामी सरावातल्या बहुतेक घोड्यांच्या जठरात व्रण आढळतात. आपल्याकडे ॲसिडिटीवर सर्रास घेतले जाणारे ओमेप्राझोल घोड्यांनाही दिले जाते, ते याचसाठी. दातांची धार, पाठीतली लचक, पळताना फुप्फुसात होणारा रक्तस्राव हीही कारणे असू शकतात. यांतले काही आधी कळलेच, तर बहुधा मोतद्दाराला. दाणा उरला, खरारा करताना घोडा अंग चोरतो, हे त्यालाच दिसते.

आणि शेवटचा मुद्दा अंतराचा. डब्लिनच्या एमेलिन हिल यांनी २०१० मध्ये मायोस्टॅटिन या जनुकातील फरकाचा घोड्याला मानवणाऱ्या अंतराशी थेट संबंध दाखवला. एका प्रकारचे घोडे आखूड शर्यतींचे, दुसऱ्या प्रकारचे लांब पल्ल्याचे, तर मिश्र वारसा असलेले मधल्या अंतराचे. गंमत अशी, की ही चाचणी बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांत हिल यांच्यासोबत होते जिम बोल्जर, डॉन अप्रोचचेच ट्रेनर! २४०० मीटरचा जुगार त्यांनी डोळे झाकून खेळला नव्हता. घोड्याचा बाप न्यू अप्रोच हाही असाच ओढाळ होता. २००८च्या डर्बीत त्यानेही सुरुवातीला मॅनिंगचे हात भरून आणले आणि तरी शर्यत जिंकली. पोराच्या आईकडे मात्र अमेरिकी स्प्रिंटरचे रक्त होते.

डर्बीनंतर घोडा संपला, असे म्हणणारे कमी नव्हते. १८ जूनला, म्हणजे अवघ्या सतरा दिवसांनी, बोल्जर यांनी त्याला रॉयल ॲस्कॉटला उतरवले. जॉकी तोच, अंतर पुन्हा १६०० मीटरच्या आसपासचे. एवढ्या अंतरात घोड्याला फार वेळ आवरून धरावे लागत नाही. टोरोनाडो अगदी खांद्याला खांदा लावून आला; डॉन अप्रोच डोक्याहूनही कमी अंतराने पुढे राहिला आणि सेंट जेम्स पॅलेस स्टेक्स जिंकला.