पटाच्या गोष्टी

वार्धक्य आलें म्हणजे मनुष्याच्या शरीराची गति मंदावते, परंतु त्याच्या आठवणींची गति मात्र वाढते, असा आमचा अनुभव आहे. ज्याला घरून देवळापर्यंत जावयास काठी लागते, तोच गृहस्थ पन्नास वर्षांपूर्वीं आपली बैलजोडी कशी वाऱ्यासारखी पळाली हें सांगूं लागला कीं, त्याच्या डोळ्यांत तेज येतें, आवाज चढतो आणि ऐकणारा त्याची काठी विसरून जातो. असल्या गोष्टी ऐकण्याचा योग आम्हांस वरचेवर येतो; कारण आमचें वास्तव्य शेंदूरजनाघाटास आहे.

अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोंकास, वरूड तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं हें गांव वसलेलें आहे. संत्र्याच्या कलमांकरितां त्याची ख्याति दूरवर आहे. आज येथें ट्रॅक्टर, मालमोटारी व फटफट्या यांची वर्दळ असते. परंतु आमच्या बालपणीं माल गाडीनें जाई व माणसें दमणींतून जात. पुण्यामुंबईकडील वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे कीं, दमणी म्हणजे माणसांनीं बसावयाची, वर छत असलेली, दोन बैलांची हलकी गाडी. तिच्याहूनही लहान व हलकी ती रेंगी. ज्याच्या दारीं चांगली दमणी व तिला शोभणारी जोडी असे, त्याला गांवांत जो मान असे, तो आज चाळीस लाखांच्या मोटारीसही मिळत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत एके सायंकाळीं मारुतीच्या पारावर आम्ही पांच म्हातारे बसलों होतों. आमच्यांतील सर्वांत वडील गृहस्थ आतां ऐंशीच्या घरांत आहेत. तारुण्यांत ते नांवाजलेले धुरकरी होते. धुरकरी म्हणजे धुरेवर बसून जोडी हांकणारा. त्यांचा विशीतला नातू तेथें आला. त्यानें बापाजवळ हट्ट धरून दोन गोऱ्हे पटासाठीं घेतले होते, आणि "आबा, तुमच्या वेळचा पट कसा होता तो सांगा ना," म्हणून तो आजोबांच्या पायाशीं बसला. आबांना तेवढेंच पुरे होतें.

"अरे पोट्ट्या, जोडी सुटली का मंग मानूस दिसत नाई, का झाड दिसत नाई. कानात नुसता वारा! तयेगावच्या पटात माह्या जोडीनं घड्याळवाल्याले बटन दाबाले सवड देल्ली नाई!"

आबा ज्याचा उल्लेख करीत होते तो शंकरपट हा आमच्या विदर्भांतील बैलांच्या शर्यतीचा प्रकार होय. पीक घरांत आलें म्हणजे हिवाळ्यांत हे पट भरतात. सपाट केलेल्या लांब पट्टीवर हलकी गाडी जुंपलेली जोडी सोडतात, आणि एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत पोहोंचावयास तिला किती वेळ लागला हें मोजतात. पूर्वीं हें काम हातांतल्या घड्याळावर चाले. आतां विजेच्या यंत्रानें सेकंदाचा शतांशसुद्धां टिपला जातो. सारा खेळ कांहीं सेकंदांचा. परंतु तेवढ्यासाठीं बैलास वर्षभर ढेप, सरकी व दूध चारावयाचें, नांगराला लावावयाचें नाहीं, आणि घरांतील मुलांस दूध कमी पडलें तरी त्याच्या वांट्याला हात लावावयाचा नाहीं, अशी शिस्त असे.

पटाच्या जोडींत गवळाऊ जातीच्या बैलाला फार मान. वर्धा, नागपूर व छिंदवाडा या भागांत पैदास होणारी ही पांढरी, सडपातळ जात ओझ्यापेक्षां चालीकरितां प्रसिद्ध आहे. मराठ्यांच्या फौजा सातपुड्याच्या घाटांतून जलद कूच करीत तेव्हां हेच बैल त्यांच्या कामीं येत, असें परंपरेनें सांगतात.

अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासर येथील पट तर फारच प्रसिद्ध. तेथें स्त्रियाही धुरेवर बसून जोडी हांकतात, हें ऐकून कित्येकांना नवल वाटतें. आम्हांस तें वाटत नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०२ वें सूक्त ज्यांनीं वाचलें आहे त्यांना ठाऊक आहे कीं, मुद्गलाच्या शर्यतींत रथ हांकणारी मुद्गलानी होती, रथाला बैल जुंपलेला होता, आणि सहस्र गाईंचें धन तिनें जिंकून आणिलें. तेव्हां तळेगांवच्या आमच्या भगिनी कांहीं नवीन करीत आहेत असें नव्हे. फार जुनें काम त्यांनीं पुन्हां हातीं घेतलें आहे.

परंतु पटाला उतरणें हें सर्वांच्या ऐपतीचें काम नव्हतें. आम्हां इतरेजनांचा पट रस्त्यावर भरे. वरूडचा बाजार आटोपून गाड्या सायंकाळीं परत निघत. मागून घुंगुरमाळांचा आवाज आला कीं, पुढचा गाडीवान कासरा आंवळी. कोणी कोणास आव्हान देत नसे; देण्याची गरजच नसे. मागची दमणी बाजूला आली, दोघांनीं एकमेकांकडे न पाहिल्यासारखें केलें, कीं शर्यत लागली! धुळीचे लोट उठत, आंत बसलेल्या म्हाताऱ्या देवाचें नांव घेत, भाजीच्या टोपल्या उलटत, आणि गांवाच्या वेशीशीं जो पहिला पोहोंचे तो पुढल्या बाजारापर्यंत राजा! बक्षीस कांहीं नाहीं, पंच कोणी नाहीं, आणि घरीं कळलें तर वडिलांच्या हातचा मार ठरलेला.

हें वेड केवळ आमच्याच मातींतलें नव्हे. आमचा एक विद्यार्थी अमेरिकेंत डेट्रॉईट शहराजवळ असतो. तो सांगतो कीं, तेथें वुडवर्ड ॲव्हेन्यू नांवाचा मोठा रस्ता आहे. १९६४ सालीं पाँटिॲक कंपनीची जी.टी.ओ. मोटार निघाली, आणि साध्या गाडींत भलें दांडगें यंत्र बसविण्याची चाल तिकडे फोफावली. तेथील तरुण रात्रीं या रस्त्यावर तांबड्या दिव्यापाशीं गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या करीत, आणि दिवा हिरवा झाला कीं सुटत. पुढें विम्याचे दर वाढले, १९७३ सालीं तेलाची टंचाई आली व तो काळ ओसरला. १९९५ पासून मात्र दर ऑगस्टांत त्या गाड्या घासूनपुसून त्याच रस्त्यावर आणितात, व पिकल्या केसांचे गृहस्थ रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून जुन्या शर्यतींच्या गोष्टी सांगत बसतात. आमचा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, त्यांच्या गोष्टी ऐकल्या कीं मला आपला पार आठवतो." अश्वशक्ति हें माप मोटारीला लावणाऱ्यांनीं मुळांत जनावराकडूनच तें घेतलें, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. फरक एकच, मोटारीला वेदना नसते.

असो. आबांची जोडी तळेगांवची रेघ ओलांडून गेली होती, सारे हंसत होते, आणि तेवढ्यांत नातवानें सहज विचारलें,

"आबा, बैल कधी पडला काय हो?"

पारावर एकाएकीं शांतता झाली. कोणी तंबाखू मळूं लागला, कोणी आकाशाकडे पाहूं लागला. आबा म्हणाले, "पडते कधी कधी," आणि गप्प बसले.

त्या क्षणीं आम्हांस ऐतरेय ब्राह्मणांतील एक कथा आठवली. देवांची एकदां शर्यत लागली. अग्नि खेंचरांच्या रथांतून निघाला, उषा तांबूस गाईबैलांच्या रथांतून, इंद्र घोड्यांच्या रथांतून आणि अश्विनीकुमार गाढवांच्या रथांतून. जिंकले अश्विनीकुमार. परंतु कथा तेथें संपत नाहीं. त्या धांवेंत गाढवाचा सर्व वेग खर्ची पडला, आणि म्हणून तें वाहनांमध्यें सर्वांत मंद झालें, असें ब्राह्मणकार सांगतात. विद्यार्थिदशेंत आम्हीं हें पाठ केलें तेव्हां हंसलों होतों. जय देवांचा झाला व किंमत गाढवानें दिली, हा त्यांतला अर्थ आम्हांस त्या वेळीं उमगला नाहीं. तो उमगण्यास आम्हीं स्वतः काय केलें होतें, तें त्या सायंकाळीं आम्हीं प्रथमच चारचौघांत सांगितलें, आणि येथेंही सांगतों.

तें साल १९७५. आम्ही नुकतेच मॅट्रिक झालों होतों व त्याचा गर्व आम्हांस होता. घरीं थोडी शेती, एक दमणी आणि मोत्या व पाखऱ्या हे दोन बैल होते. बैलांचें सारें करणारा सालदार वडिलांच्या वयाचा होता. बाजाराहून परत येतांना मागून एका सोबत्याची दमणी आली. आम्हीं सालदाराच्या हातून कासरा घेतला. तो म्हणाला, "बापू, पाखऱ्या सकायपासून दमला हाये. आज नोको." आम्हीं ऐकलें नाहीं. तुतारी म्हणजे टोंकाला खिळा बसविलेली काठी. ती आमच्या घरीं होती, पण सालदार तिचा उपयोग कधीं करीत नसे. त्या दिवशीं आम्हीं ती पाखऱ्याच्या पाठीवर चालविली. एका मोरीपाशीं त्याचा पुढचा पाय खचला. दमणी कलंडली. आम्हांस खरचटलेंसुद्धां नाहीं.

पाखऱ्या जगला, परंतु पुन्हां नांगराला लागला नाहीं. घरीं आम्हीं सांगितलें कीं, मालमोटारीच्या भोंग्यानें बैल बुजला. वडिलांनीं सालदाराकडे पाहिलें. त्यानें एकवार आमच्याकडे पाहिलें आणि मान खालीं घातली. "गाडी माह्या हाती होती, मालक," एवढेंच तो बोलला. पुढल्या पाडव्याला वडिलांनीं त्याचें साल पुढें चालूं ठेविलें नाहीं. पाखऱ्या बाजारांत विकला गेला. कोणास, हें आम्हीं विचारलें नाहीं. वडील गेले, सालदारही गेला. चाळीस वर्षें आम्हीं वर्गांत मुलांना 'सत्यं वद' शिकविलें, आणि हें एक सत्य तेवढें आमच्या जिभेवर आलें नाहीं. दमणीच्या शर्यतीची गोष्ट मात्र आम्ही शंभर वेळां सांगितली असेल. तींत आम्ही नेहमीं मोरीच्या अलीकडेच थांबत असूं.

आम्ही बोलून झालों तेव्हां आबा पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग हळूच म्हणाले, "गुर्जी, तयेगावच्या त्या जोडीले मी बी टोचलंच होतं. रगत निंगालं होतं. लोकायनं मले खांद्यावर घेतलं, बैलाईकडे कोनं पाह्यलं नाई. म्या बी नाई."

या विषयावर अलीकडे न्यायालयांत पुष्कळ खल झाला आहे. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जल्लिकट्टू व बैलांच्या शर्यती यांस बंदी केली. २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें अटींवर शर्यतींस परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें त्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व बैलांची वैद्यकीय तपासणी हवी. चाबूक, काठी व टोंचणी यांस मज्जाव आहे. नियम मोडणारास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. बंदीच्या वर्षांत कित्येक शेतकरी रडले, कारण पटाच्या बैलावांचून गवळाऊसारखी जात पाळणार कोण, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. बंदी मागणारांचें म्हणणेंही खोटें नव्हतें. आम्हीं स्वतःच तें खरें करून ठेविलें होतें. आतां कायद्यानें मार्ग मोकळा केला आहे. परंतु धुरेवर बसलेल्या माणसाचा हात कायदा किती वेळ धरणार? तो हात घरांतील वडील माणसांनीं सांगितलेल्या गोष्टींनीं धरला पाहिजे. आणि त्या गोष्टी अर्ध्याच सांगितल्या गेल्या, तर नातू अर्धेंच शिकणार.

नातवानें विचारलें, "गुर्जी, मंग म्या पटात जाऊ का नोको?"

आम्हीं सांगितलें, "अवश्य जा. तुझ्या गोऱ्ह्यांच्या अंगांत धांव आहे. ती पाहून आम्हांसही आनंद होईल. मात्र ज्या दिवशीं बैलाला पळावयाचें नसेल त्या दिवशीं त्याला घरीं परत आण. आणि तो म्हातारा झाला म्हणजे कोणत्या दावणीला राहील, हें आजच ठरवून ठेव. हें ज्याला ठरवितां येत नाहीं त्यानें पटाचा बैल पाळूं नये."

मुलगा कांहीं बोलला नाहीं. अंधार पडला होता. आम्हीं सारे उठलों.

आबांच्या ओटीवर त्यांची जुनी तुतारी खुंटीला टांगलेली असते, आणि येणाऱ्या जाणाऱ्यास ते ती अभिमानानें दाखवीत असत. परवां आम्ही त्यांच्याकडे गेलों होतों. तुतारी अजून खुंटीलाच आहे. तिच्या टोंकाचा खिळा मात्र काढून टाकलेला दिसला. तो कोणीं काढला, आजोबांनीं कीं नातवानें, हें आम्हीं विचारलें नाहीं.