शाळेतील आरोग्य तपासणी : चिठ्ठी दप्तरातच राहू नये

शाळा सुरू होऊन महिना-दोन महिने उलटले, वह्या-पुस्तकांची खरेदी आटोपली, की एके दिवशी मुलाच्या डायरीत सूचना येते : 'उद्या आरोग्य तपासणी आहे.' पालक सही करतात आणि विसरून जातात. तपासणी पार पडते, कार्ड भरले जाते. काही मुलांच्या हाती 'पुढील तपासणी करून घ्यावी' अशी चिठ्ठी पडते आणि पुष्कळदा ती दप्तराच्या तळाशीच राहते. वास्तविक या साऱ्या खटाटोपाचा उपयोग त्या चिठ्ठीचे पुढे काय होते, यावरच ठरतो.

शालेय आरोग्य तपासणी आपल्याकडे नवी नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत बडोदा येथे १९०९ मध्ये शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली आणि तीच देशातील पहिली मानली जाते. सध्याचा 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. जन्मतः असलेली व्यंगे, जीवनसत्त्वे आदींची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब अशा चार गटांतील विकार त्यात शोधले जातात. दोन आयुष डॉक्टर (एक पुरुष व एक स्त्री), परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. विनाअनुदानित खासगी शाळा सहसा आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करवून घेतात. तिचे स्वरूपही साधारण असेच असते.

नेमके काय तपासतात?

प्रथम उंची आणि वजन. त्यावरून 'बॉडी मास इंडेक्स' काढला जातो. मात्र प्रौढांचे आकडे मुलांना लागू होत नाहीत. मुलांचा निर्देशांक वय आणि लिंग यांनुसार तयार केलेल्या वाढीच्या तक्त्यावर पाहावा लागतो. केवळ एका आकड्यावरून मुलाला 'लठ्ठ' वा 'हडकुळा' ठरवणे चुकीचे आहे आणि तो आकडा वर्गासमोर मोठ्याने वाचणे त्याहून चुकीचे.

त्यानंतर डॉक्टर खालची पापणी, जीभ, नखे आणि तळहात पाहतात. तेथील फिकटपणा हे रक्तक्षयाचे लक्षण असू शकते. खात्रीसाठी हिमोग्लोबिन तपासावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ५ ते ११ वर्षांच्या मुलांत ते डेसिलिटरमागे ११.५ ग्रॅमपेक्षा आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलांत १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजला जातो. याशिवाय दात, घसा, कान, त्वचा आणि मानेवरील गाठी पाहिल्या जातात. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे व फुप्फुसांचे आवाज ऐकले जातात.

डोळ्यांकडे विशेष लक्ष

मुलाला तक्त्यापासून ६ मीटर अंतरावर उभे करून अक्षरे वाचायला सांगतात. '६/१२' असा शेरा मिळाला, तर निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसणारे अक्षर या मुलाला ६ मीटरवरूनच वाचता आले, असा त्याचा अर्थ.

प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे झाकून तपासण्यामागे महत्त्वाचे कारण आहे. एकच डोळा अधू असेल, तर दुसरा त्याचे काम निभावून नेतो. मूल तक्रार करत नाही, कारण सर्वांना असेच दिसते, अशी त्याची समजूत असते. वापर न झाल्याने त्या डोळ्याची दृष्टी मात्र विकसित होत नाही. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाल्यास गुण येण्याची शक्यता सर्वाधिक असते, पुढे ती घटत जाते. म्हणूनच पहिली-दुसरीतील मुलाच्या चिठ्ठीवर 'नेत्रतपासणी आवश्यक' असे लिहिले असेल, तर दिवाळीच्या सुटीची वाट पाहू नये.

घाबरू नका, टाळूही नका

शाळेतील तपासणी ही चाळणी असते. एका दिवसात अनेक मुले तपासायची असल्याने प्रत्येकाचे अंतिम निदान तेथे होत नाही. उदाहरणार्थ, हृदयात 'मर्मर' म्हणजे जादा आवाज ऐकू आल्याचा शेरा वाचून पालकांच्या काळजाचा ठोका चुकतो. पुष्कळ निरोगी मुलांतही असा निरुपद्रवी आवाज असतो. तथापि, जन्मजात हृदयदोष किंवा घशाच्या संसर्गानंतर उद्भवणारा संधिवाती हृदयविकार यांचीही ती खूण असू शकते. यांतील फरक तज्ज्ञांची तपासणी आणि इकोकार्डिओग्राफी यांनीच कळतो. उलटपक्षी, 'सर्व ठीक' असा शेरा मिळाला तरी मुलाची तक्रार कायम असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

पालकांनी काय करावे?

* दमा, फिट्स, औषधांची अ‍ॅलर्जी, झालेली शस्त्रक्रिया, सुरू असलेली औषधे आदी माहिती लिहून द्यावी. लसीकरणाच्या कार्डाची प्रतही सोबत द्यावी.

* चष्मा असल्यास तो बरोबर द्यावा आणि मुलाला न्याहारी करूनच पाठवावे.

* काय होणार आहे, हे मुलाला आदल्या दिवशी सांगावे. एरवी या तपासणीत सुई टोचत नाहीत. परंतु वयाच्या १०व्या आणि १६व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस दिली जाते. ती त्याच दिवशी आहे का, हे शाळेला विचारल्याशिवाय 'इंजेक्शन नाही' असे वचन देऊ नये.

* मुलींची तपासणी स्त्री डॉक्टरांनी किंवा शिक्षिका अथवा परिचारिकेच्या उपस्थितीत आणि आडोशाला व्हावी, असा आग्रह धरावा. संकोच वाटल्यास 'नको' म्हणता येते, हे मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही सांगावे.

* संध्याकाळी दप्तर उघडून कार्ड पाहावे. चिठ्ठी असल्यास तारीख ठरवून त्या-त्या तज्ज्ञांकडे जावे आणि निष्कर्ष शाळेला कळवावा.

राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत संदर्भित केलेल्या मुलांवर सरकारी रुग्णालयांत आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत मोफत उपचारांची तरतूद आहे. गरज पडल्यास त्यात शस्त्रक्रियेचाही समावेश होतो. त्यामुळे खर्चाच्या धास्तीने चिठ्ठी बाजूला ठेवण्याचे कारण नाही. पथक पुन्हा वर्षभराने येणार असते आणि वाढत्या मुलाच्या डोळ्यांसाठी वा हृदयासाठी एक वर्ष हा मोठा काळ आहे.