सुट्टीतला फळा

जोतिबाची चैत्र यात्रा उरकली की कोल्हापूरच्या पोरांना सुट्टीचे वेध लागतात. गुलालाने माखलेले कपडे दोन-तीनदा धुतले तरी गुलाबीच राहतात, तोवर परीक्षा संपत आलेल्या असतात आणि चौकाचौकात फलक लागतात : पोहण्याचे वर्ग, हस्ताक्षर सुधार, अबॅकस, संस्कार शिबिर, बालनाट्य, मर्दानी खेळ. आई-बाप दोघंही कामावर, पोर घरात मोबाइल घेऊन बसलेलं. तेव्हा सुट्टी कशीतरी भरून काढायची ही धडपड समजण्यासारखी आहे. मात्र बहुतेक वर्गांत शिकवणाऱ्याला उत्तर आधीपासून ठाऊक असतं आणि मुलाने ते लवकरात लवकर गाठायचं असतं. सुट्टीचा याहून वेगळा उपयोग करणारी एक संस्था पुण्यात आहे आणि तिचा पहिला संचालक कोल्हापुरात जन्मला होता.

संस्थेचं नाव आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून सगळे तिला आयुका म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात स्थापन केली. तिचं मूळ काम विश्वाच्या अभ्यासाचं आणि देशभरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना त्या अभ्यासात सामील करून घेण्याचं. शाळकरी मुलांशी अशा संस्थेचा संबंध यायचं कारण नव्हतं. तो आला याचं मोठं श्रेय पहिले संचालक जयंत नारळीकर यांना जातं.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे बालपण गेलं बनारसला. आईचं माहेर हुजूरबाजारांचं. त्या घरातले मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मोरूमामा, एम.एस्सी. करायला बनारसला बहिणीकडे येऊन राहिले. भाच्याला गणिताची गोडी आहे हे त्यांनी ओळखलं. घरात मुलांसाठी फळा होता. मामा त्यावर एक कोडं लिहून ठेवत, वर भाच्याला दिलेलं आव्हान म्हणून ठळक नोंद. भाच्याने ते सोडवेपर्यंत किंवा हरलो म्हणेपर्यंत कोडं पुसलं जात नसे. नारळीकरांनी आत्मचरित्रात ही आठवण आवर्जून सांगितली आहे. यात शिकवणी नव्हती, तासिका नव्हती. होता तो एक प्रश्न आणि उत्तर ठाऊक असूनही गप्प राहणारा एक मोठा माणूस.

पुढे केंब्रिज, फ्रेड हॉइल यांच्याबरोबरचं गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तावरचं काम, १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत येणं, आणि मग आयुका. मामाच्या फळ्याची रीत तिथे संस्थेच्या पातळीवर आलेली दिसते. नव्वदच्या दशकात आयुकाने शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू केला. पुणे आणि परिसरातल्या शाळांमधून वरच्या इयत्तांची मुलं यायची, एकेक तुकडी आठवडाभर. दोघा-चौघांचा गट एखाद्या शास्त्रज्ञाच्या किंवा संशोधक विद्यार्थ्याच्या हवाली केला जायचा. ठरलेला अभ्यासक्रम नाही, गुण नाहीत. ग्रंथालय मोकळं. आठवड्याच्या शेवटी आपण काय केलं ते मुलांनी स्वतः लिहून द्यायचं.

विषयांची वानवा त्या आवारात पडत नाही. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या या वास्तूत मधोमध कुंडासारखं अंगण आहे आणि त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे. आत फूकोचा लंबक टांगलेला आहे. लांब तारेला जड गोळा. तो झुलत राहतो आणि झुलण्याची दिशा हळूहळू फिरत जाते, कारण खालची जमीनच फिरते आहे. ध्रुवावर ही दिशा साधारण २४ तासांत पुरं वर्तुळ फिरेल. पुण्यात त्याला सुमारे ७५ तास लागतात. का, असं विचारलं की मुलाचा आठवडा कारणी लागला. त्याच मुलाने घरी जाऊन कोल्हापुरात किती लागतील याचा हिशेब मांडला तर उत्तर ८३ च्या आसपास येतं. विषुववृत्ताकडे जावं तसा लंबक आळसावतो आणि विषुववृत्तावर दिशा बदलायचंच सोडतो.

नारळीकर स्वाक्षरी देतानाही हाच नेम पाळत. वही पुढे करणाऱ्या मुलाला ते सांगत, विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. आधी प्रश्न, मग सही. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा ही आठवण अनेकांनी सांगितली.

उन्हाळी आठवड्याला जागा मोजक्याच मुलांना मिळायची. बाकीच्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं होती, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं खुलं आवार होतं. आणि होती मुक्तांगण विज्ञान शोधिका. पु. ल. देशपांडे यांच्या नावाने मिळालेल्या देणगीतून तिची वास्तू उभी राहिली. तिचं नाव ‘पुलस्त्य’, सप्तर्षींपैकी एक. २००३ ते २०१४ या काळात तिथे स्वस्त वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता होते. आयआयटी कानपूरचे अभियंता, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ साली रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथल्या आठवडी बाजारात स्वस्त वस्तू धुंडाळताना सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचा तुकडा आणि काडेपेटीतली काडी यांची जोडी जमली. दोन काड्यांची टोकं ट्यूबमध्ये खुपसली की लवचीक सांधा तयार. त्रिकोण केला तर हलत नाही, चौकोन केला तर कलंडतो. लोखंडी पुलावर त्रिकोणच त्रिकोण का दिसतात, हे चार आण्यांत कळलं.

मुक्तांगणातलं आणखी एक खेळणं म्हणजे विजेची मोटर. साहित्य : टॉर्चचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, ट्यूबचं रबर, एक गोल चुंबक आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडे मिळणारी इनॅमलची तांब्याची तार. सेलवरच तार गुंडाळून दहाएक वेढ्यांचं कडं करायचं, दोन्ही टोकं बाहेर काढायची. पिना रबराने सेलच्या दोन टोकांना उभ्या बांधायच्या, पिनांच्या भोकांत कड्याची टोकं अडकवायची, खाली चुंबक. हळूच टिचकी मारली की कडं गरगर फिरायला लागतं.

किंवा लागत नाही. पहिल्या वेळी बहुतेकांचं लागत नाही, कारण खरी मेख तार खरवडण्यात आहे. एका टोकाचं इनॅमल सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्याचं मात्र एका बाजूने तसंच ठेवायचं. शहाणं पोर दोन्ही टोकं लख्ख करतं, आणि कडं अर्धवट वळून थरथरत थांबतं. कारण अर्ध्या फेरीपर्यंत चुंबक ज्या दिशेने ढकलतो, पुढच्या अर्ध्या फेरीत त्याच्या उलट ढकलायला लागतो. इनॅमल ठेवलेली बाजू खाली आली की वीज तुटते, कडं आपल्याच वेगाने ती अर्धी फेरी पार करतं, पुन्हा वीज, पुन्हा ढकल.

शेजारी बसलेल्या बापाच्या किंवा आईच्या हाताला याच क्षणी खाज सुटते. ‘आण इकडे, मी देतो करून.’ पालकांसाठी वेगळा वर्ग काढायचा झाला तर त्यात शिकवण्याची एकच गोष्ट आहे : हा हात मागे ठेवणं. मोटर पाच मिनिटं उशिरा फिरली तर बिघडत नाही. ती का फिरत नाही याचा शोध दुसऱ्याने लावला तर मात्र सगळंच बिघडतं.

पुणे कोल्हापूरपासून सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, जोतिबाच्या पायाशी राहणाऱ्या पोराला तिथे जाऊन आठवडा काढणं जमणारं नाही, आणि जमायची गरजही नाही. कोल्हापुरात १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे, जिल्हाभर विज्ञान महाविद्यालयं आहेत. मे महिन्यात त्यांच्या कितीतरी प्रयोगशाळांना कुलूप असतं. आणि नेमका मे महिनाच या भागात एक असा प्रयोग घेऊन येतो, ज्याला प्रयोगशाळाही लागत नाही.

६-७ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आगेमागे कोल्हापूर-जोतिबा परिसरात सूर्य थेट डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते. जोतिबाच्या यात्रेतली उंच शासनकाठी उभी धरली तर तिचीही. हा योग वर्षातून दोनदा येतो, पण दुसरा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणि तेव्हा आपल्याकडे सूर्य पाहायला मिळाला तर नशीब. त्याच दुपारी पुण्यात सूर्य डोक्यावर पोचलेला नसतो. तिथे एक मीटरच्या काठीला उत्तरेकडे साधारण ३ सेंटिमीटर सावली उरते. कोल्हापुरातल्या मुलाने पुण्यातल्या आतेभावाला फोन करून तेवढी मोजून घ्यायला सांगावी. ३ सेंटिमीटर सावली म्हणजे सुमारे १.८ अंशाचा कोन. पूर्ण वर्तुळात असे कोन २०० मावतात. नकाशावर दोन्ही गावांचं उत्तर-दक्षिण अंतर मोजलं तर ते २०० किलोमीटरच्या आसपास भरतं. २०० गुणिले २०० म्हणजे ४०,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिसने असाच काढला होता. त्याला एक विहीर आणि एक काठी पुरली, आपल्याला काठ्या दोन आणि एक फोन.

सावली मोजताना चूक होणारच. काठी तिरकी राहील, अर्ध्या सेंटिमीटरने घेर हजारो किलोमीटर वाढेल किंवा घटेल. ते मुलांनाच सापडू द्यावं. काठी ओळंब्यात कशी धरायची, लांब काठी घेतली तर चूक कमी होते का, जमिनीची पातळी कशी पाहायची, हे प्रश्न एका दुपारीत संपणार नाहीत. मग आठवडा आपोआप भरतो, आणि त्यात आजोबा, मामा, गवंडीकाम करणारा काका असे सगळे ओढले जातात. ओळंबा काकाकडेच असतो.

तेव्हा एखाद्या महाविद्यालयाने मेच्या पहिल्या आठवड्यात दार उघडं ठेवावं, शाळांना पत्र पाठवावं आणि प्रत्येक चार मुलांमागे एक प्राध्यापक द्यावा. वेगळं अनुदान, वेगळी इमारत, छापील पुस्तिका यांपैकी काही लागत नाही. प्राध्यापकाला मात्र आठवडाभर उत्तर गिळून बसायचं आहे, आणि सवय नसलेल्याला तेच सगळ्यांत जड जातं.