पत्रकारिता आणि फौजदारी न्यायव्यवस्थेतील सुधारणा : शीला बारसे यांच्या कार्याचा अभ्यास

प्रस्तावना

भारतातील फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेचा इतिहास सामान्यतः आयोगांचे अहवाल, विधिमंडळांचे कायदे आणि न्यायालयांचे निर्णय यांच्या आधारे लिहिला जातो. या इतिहासात पत्रकारांचा वाटा मात्र पुरेशा गांभीर्याने नोंदवला गेलेला नाही. मुंबईच्या मुक्त पत्रकार शीला बारसे यांचे कार्य या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. १९८३ ते १९९३ या दशकात सर्वोच्च न्यायालयाने दिलेले किमान पाच महत्त्वाचे निर्णय त्यांच्या नावाने ओळखले जातात. पोलीस कोठडीतील स्त्रिया, तुरुंगातील मुले, निरीक्षणगृहे, कैद्यांच्या मुलाखती आणि तुरुंगात डांबलेले मनोरुग्ण असे या निर्णयांचे विषय आहेत. वार्तांकनातून हाती आलेली माहिती न्यायालयीन आदेशापर्यंत कशी पोहोचली, त्या आदेशांतून काय साध्य झाले आणि कोणते प्रश्न अनुत्तरित राहिले, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

आणीबाणीनंतरच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अर्थ व्यापक केला. जानेवारी १९७९ मध्ये निवृत्त पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी लेख लिहिले. त्या लेखांच्या आधारे अ‍ॅड. कपिला हिंगोरानी यांनी याचिका दाखल केली आणि त्यातून हुसेनआरा खातून प्रकरणातील निर्णय आले. जलद सुनावणी हा अनुच्छेद २१ चा भाग आहे, हे तत्त्व त्यांतून प्रस्थापित झाले. याच सुमारास न्यायालयाने साध्या पत्रालाही याचिकेचा दर्जा देण्यास प्रारंभ केला. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच न्यायालयाची पायरी चढावी, हा जुना दंडक त्यामुळे शिथिल झाला. वृत्तपत्रातील मजकुराला न्यायालयीन प्रक्रियेत प्रवेश मिळण्याचा मार्ग या दोन घटनांनी खुला केला.

कोठडीतील स्त्रिया : १९८३ चा निर्णय

मे १९८२ मध्ये कारागृह महानिरीक्षकांच्या परवानगीने शीला बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील १५ स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ५ जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. ही माहिती बारसे यांनी पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयास कळवली. न्यायालयाने त्या पत्राची याचिका म्हणून नोंद घेतली आणि वस्तुस्थितीची पडताळणी करण्यासाठी मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना कारागृहात जाऊन स्त्री कैद्यांशी बोलण्यास सांगितले. पत्रकाराच्या नोंदींची तपासणी एका शैक्षणिक संस्थेकडून व्हावी, ही बाब लक्षणीय आहे. न्यायालयाने पत्रातील कथनावर केवळ विश्वास ठेवला नाही आणि पोलिसांच्या खुलाशावरही ते विसंबून राहिले नाही, तर त्याने तिसऱ्या, स्वतंत्र साक्षीची व्यवस्था केली.

न्या. पी. एन. भगवती, न्या. आर. एस. पाठक आणि न्या. अमरेंद्रनाथ सेन यांच्या पीठाने फेब्रुवारी १९८३ मध्ये निर्णय दिला. त्यातील प्रमुख निर्देश पुढीलप्रमाणे होते. मुंबईत चार किंवा पाच कोठड्या केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवाव्यात व तेथे स्त्री शिपायांचा पहारा असावा. स्त्रियांची चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. अधिपत्राविना अटक झालेल्या व्यक्तीला अटकेची कारणे व जामिनाचा हक्क तत्काळ सांगावा, आणि या हक्कांची पत्रके मराठी, हिंदी व इंग्रजी या भाषांत प्रत्येक कोठडीत लावावीत. अटकेची वार्ता जवळच्या विधी साहाय्य समितीस आणि अटक झालेली व्यक्ती सांगेल त्या नातेवाइकास किंवा मित्रास द्यावी. नगर सत्र न्यायाधीशांपैकी एकाने, शक्यतो स्त्री न्यायाधीशाने, कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. दंडाधिकाऱ्याने आरोपीस छळाविषयी विचारणा करावी आणि वैद्यकीय तपासणीच्या हक्काची जाणीव करून द्यावी.

या निर्देशांचे वैशिष्ट्य त्यांच्या तपशिलात आहे. केवळ तत्त्वाची घोषणा करून न थांबता भिंतीवर कोणते पत्रक असावे, ते कोणत्या भाषेत असावे आणि कोणास कळवावे, हेही न्यायालयाने ठरवून दिले. हक्काची माहितीच नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो, हे भान या रचनेमागे दिसते. आपल्याला जामीन मिळू शकतो हे अटक झालेल्या निरक्षर स्त्रीला कोणी सांगितलेच नाही, तर तिच्यासाठी संहितेतील तरतूद असून नसल्यासारखीच असते. म्हणूनच न्यायाधीन बंद्यांच्या याद्या तुरुंग अधीक्षकांनी विधी साहाय्य समित्यांकडे नियमितपणे पाठवाव्यात, अशीही व्यवस्था या निर्णयात करण्यात आली.

तुरुंगातील मुले : १९८५ ते १९८८

बारसे यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या दुसऱ्या याचिकेचा आवाका देशव्यापी होता. १६ वर्षांखालील जी मुले तुरुंगात आहेत त्यांची मुक्तता व्हावी, अशा मुलांची राज्यवार माहिती न्यायालयापुढे यावी आणि बालन्यायालये व बालगृहे कोठे आहेत हे स्पष्ट व्हावे, अशी मागणी त्यात होती. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयाने सविस्तर आदेश दिले. मुलांना कायदेविषयक मदत मिळावी म्हणून राज्यांच्या विधी साहाय्य मंडळांनी प्रत्येक तुरुंगात आठवड्यातून एकदा दोन वकील पाठवावेत, असे सांगण्यात आले. ७ वर्षांपेक्षा अधिक शिक्षा नसलेल्या गुन्ह्यांत मुलाविरुद्धचा तपास तीन महिन्यांत पूर्ण व्हावा, अन्यथा प्रकरण बंद समजावे. दोषारोपपत्र दाखल झाल्यास सुनावणी त्यानंतर सहा महिन्यांत संपवावी, अशी कालमर्यादा घालण्यात आली. प्रत्येक राज्याच्या स्वतंत्र बाल अधिनियमांऐवजी संपूर्ण देशासाठी एकच कायदा असावा, असे मतही न्यायालयाने व्यक्त केले. त्याच वर्षी संसदेने बालन्याय अधिनियम, १९८६ संमत केला. तो एका याचिकेचेच फलित होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि कायद्याची निकड त्या याचिकेने ठळक केली, हे मान्य करावे लागते.

डिसेंबर १९८६ मध्ये मुंबईतील चिल्ड्रेन्स एड सोसायटीच्या निरीक्षणगृहांसंबंधीच्या अपिलात न्यायालयाने मुलांना निरीक्षणगृहात दीर्घकाळ ठेवू नये आणि बालन्यायालयातील न्यायाधीशांना विशेष प्रशिक्षण असावे, असे प्रतिपादन केले.

याचिका कोणाची?

देशव्यापी याचिकेचा उत्तरार्ध मात्र संघर्षाचा ठरला. राज्यांकडून माहिती वेळेवर येत नव्हती, सुनावण्या लांबणीवर पडत होत्या. या विलंबाने असंतुष्ट होऊन, स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या बारसे यांनी याचिका मागे घेण्याची अनुमती मागितली. ऑगस्ट १९८८ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. खाजगी दाव्यात वादी हा दाव्याचा स्वामी असतो. लोकहितवादी याचिकेत तसे नसते, कारण तिच्याशी ज्यांचे हित निगडित आहे ते लोक न्यायालयापुढे उपस्थितच नसतात, अशी न्यायालयाची भूमिका होती. बारसे यांचे नाव प्रकरणातून वगळण्यात आले आणि याचिका पुढे चालवण्याची जबाबदारी सर्वोच्च न्यायालय विधी साहाय्य समितीकडे सोपवण्यात आली.

या निर्णयाचे दोन अर्थ संभवतात. तुरुंगातील मुलांचे भवितव्य एका व्यक्तीच्या धीरावर किंवा वैफल्यावर अवलंबून राहू नये, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु ज्या पत्रकाराने माहिती गोळा केली, जिला न्यायालयानेच १९८६ मध्ये माहितीच्या पडताळणीसाठी ठिकठिकाणच्या संस्थांना भेटी देण्याची मुभा दिली होती, तिलाच अखेरीस प्रकरणाबाहेर जावे लागले. पत्रकार जेव्हा याचिकाकर्ता होतो तेव्हा विषयावरील त्याचे नियंत्रण संपते. लेख कधी छापावा हे तो संपादकाशी चर्चा करून ठरवू शकतो. याचिकेची गती मात्र न्यायालय ठरवते. सुधारणेसाठी न्यायालयाचा मार्ग स्वीकारण्याची ही किंमत बारसे यांच्या अनुभवातून स्पष्टपणे पुढे येते.

मुलाखतीचा हक्क आणि पडताळणीचे कर्तव्य

कैद्याची मुलाखत घेण्यास मिळालेली परवानगी प्रशासन मागे घेऊ शकते, हेही बारसे यांच्या वाट्याला आले. त्यासंबंधीच्या १९८७ च्या निर्णयाला पत्रकारितेच्या दृष्टीने मूलभूत महत्त्व आहे. तत्पूर्वी १९८१ मध्ये ‘हिंदुस्थान टाइम्स’च्या प्रभा दत्त यांच्या प्रकरणात, फाशीची शिक्षा झालेले कैदी राजी असतील तर त्यांची मुलाखत घेण्यास न्यायालयाने अनुमती दिली होती. १९८७ मध्ये ही भूमिका अधिक विस्ताराने मांडली गेली. तुरुंगाच्या आत काय चालते हे जाणून घेण्याचा समाजाला अधिकार आहे. मात्र मुलाखतीचा हक्क अनिर्बंध नाही, कैद्याची संमती अनिवार्य आहे आणि मिळालेली माहिती प्रसिद्ध करण्यापूर्वी अधिकाऱ्यांकडून सामान्यतः पडताळून घ्यावी, असे न्यायालयाने म्हटले. या अखेरच्या अटीचा दुहेरी परिणाम होतो. तिच्यामुळे वार्तांकन अधिक काटेकोर होते, हे खरे. पण ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याकडेच पडताळणीसाठी जावे लागत असल्याने तक्रारदार कैद्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो.

१९९३ मधील निर्णय पश्चिम बंगालमधील तुरुंगांविषयी होता. कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना केवळ अन्य व्यवस्था नाही म्हणून तुरुंगात ठेवले जात असे. ही प्रथा बेकायदेशीर व घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला.

निर्देशांपासून कायद्यापर्यंत

१९८३ च्या निर्देशांची पुढील वाटचाल पाहिली असता सुधारणेची गती किती मंद असते हे ध्यानात येते. अटकेची माहिती आप्तांना देण्याचे बंधन १९९६ च्या डी. के. बसू निर्णयात देशभरासाठी अधिक विस्ताराने घालण्यात आले. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५० अ समाविष्ट करून त्यास कायद्याचे रूप मिळाले ते २००५ च्या सुधारणेने, म्हणजे मूळ निर्देशानंतर २२ वर्षांनी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ मध्ये ही तरतूद कायम आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कैदी, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन बंदी होते. कायद्याची भाषा बदलली, परंतु खटला संपण्यापूर्वीच तुरुंगवास भोगणाऱ्यांचे प्रमाण मात्र मोठेच राहिले.

पत्रकारितेतून न्यायालयाकडे जाणारी ही परंपरा खंडित झालेली नाही. सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये तुरुंगांतील जातिनिहाय श्रमविभागणीवर वृत्तान्त लिहिला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलींतील जातिभेदमूलक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि तीन महिन्यांत नियमावली सुधारण्याचा आदेश दिला.

समारोप

शीला बारसे यांच्या कार्यातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, प्रत्यक्ष भेटीतून जमवलेली, संख्येने अल्प पण नेमकी माहिती व्यापक धोरणात्मक बदलास कारण ठरू शकते. १९८३ च्या निर्णयाचा आरंभ अवघ्या १५ मुलाखतींपासून झाला. दुसरी, न्यायालयाचा आदेश ही सुधारणेची परिपूर्ती नव्हे. त्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा नसेल तर तो संग्रहातच राहतो. तिसरी, अशी यंत्रणा उभारण्यात शैक्षणिक संस्थांना स्थान आहे. एका समाजकार्य महाविद्यालयाच्या अहवालाने १९८३ मध्ये न्यायालयास मदत केली. विधी, समाजकार्य, समाजशास्त्र व पत्रकारिता या शाखांच्या प्राध्यापकांनी आपल्या जिल्ह्यातील विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधून कारागृहभेटी, बंद्यांच्या याद्यांचा अभ्यास आणि कोठडीतील हक्कपत्रकांची पाहणी हे उपक्रम अभ्यासक्रमाशी जोडल्यास, चार दशकांपूर्वीचे निर्देश आज कोठे आणि किती पाळले जातात याचे उत्तर स्थानिक पातळीवर मिळू शकेल.