मोडीत काढण्यापूर्वी

दिवाळीच्या तोंडावर घरोघरचे माळे रिकामे होतात. बंद पडलेला टेबल फॅन, दांडा तुटलेली इस्त्री, बुडाला भोक पडलेलं पातेलं, जळालेला मिक्सर, कुणाच्या तरी लग्नात आलेलं आणि कधीच नीट न चाललेलं घड्याळ. हे सगळं दोन दिवस जिन्याखाली पडून राहतं आणि मग भंगारवाल्याच्या हातगाड्यावर जातं. या मधल्या दोन दिवसांचं काय करता येतं, त्याबद्दल हा लेख आहे.

गेली चार वर्षं मी माझ्या धाकट्या भावाच्या मुलांबरोबर भंगार गोळा करतो, उघडतो, त्यातले धातू वेगळे करतो आणि विकतो. भाऊ नोकरीसाठी परदेशात असतो. पुतणी आता तेरा वर्षांची आहे, पुतण्या दहाचा. मी इंजिनिअर नाही, शिक्षकही नाही. काय उघडलं, आत काय निघालं आणि मुलांनी काय विचारलं, याची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवली आहे.

मुलांनी मोडक्या वस्तूंशी खेळावं हा विचार नवा नाही. डेन्मार्कमधला उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेनसेन याच्या लक्षात आलं, की त्यानं आखलेल्या नेटक्या क्रीडांगणांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात. त्यातून १९४३ साली, जर्मन ताब्यातल्या कोपनहेगनच्या एमड्रुप भागात, टाकाऊ सामानाचं पहिलं क्रीडांगण उभं राहिलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला महागडी साधनं बाजूला ठेवून परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटी, सायकलची ट्यूब, बाटल्यांची झाकणं यांतून विज्ञानाची खेळणी केली. त्यांतली कितीतरी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला, तोही हातांनी काम करत शिकण्यासाठीच.

पण या बहुतेक ठिकाणी भर 'करण्यावर' आहे. मी बोलतोय ते उघडण्याबद्दल, आणि या दोहोंत मला मोठा फरक दिसतो. खेळणं करायचं असेल तर शेवटी काय होणार हे मोठ्या माणसाला आधीच ठाऊक असतं. मूल त्याच्या मागून चालतं. बंद मोटर उघडताना मात्र आत काय आहे हे दोघांनाही ठाऊक नसतं. शिवाय घरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल मुलानं 'हात लावू नको, बिघडेल' हेच ऐकलेलं असतं. जी बिघडलेलीच आहे, ती वस्तू या धाकातून सुटलेली असते. मूल आणि मोठा माणूस तिच्यासमोर जवळजवळ बरोबरीनं बसतात. मुलांशी नातं जुळतं ते या बरोबरीमुळे, असं माझं मत झालं आहे. विज्ञान त्या ओघात येतं.

सुरुवातीला टेबल फॅन घ्यावा. जाळी निघते, मग पात्यांच्या पुढची टोपी. ही टोपी सोडवायला प्रत्येक मूल डावीकडे पिळतं, कारण बाटलीचं झाकण तसंच उघडतं. ती हलत नाही. पुतण्यानं जोर लावला, पक्कड लावली, गंजली असेल म्हणून तेल सोडलं. मग चिडून उलट पिळली आणि ती अलगद सुटली. टोपीला उलटे आटे असतात. पंखा समोरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो; तो झटक्यानं सुरू होताना टोपी किंचित मागं राहते आणि साधे आटे असते तर सैल होत गेली असती. उलटे आटे त्याच झटक्यानं घट्ट होतात. हे कळल्यावर तो अंगणात गेला आणि सायकलीच्या दोन्ही पेडलांचे आटे तपासून आला. डाव्या पेडलाला उलटे निघाले. त्या दिवशी वहीत त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, 'उलटे आटे दोन ठिकाणी सापडले. अजून कुठे?'

त्याच पंख्याच्या मोटरचा मधला फिरणारा भाग बाहेर काढला, तेव्हा पुतणीनं विचारलं, "काका, या पट्ट्या तिरप्या का आहेत?" पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक रचून त्यांच्या खाचांत ॲल्युमिनियम ओतलेलं असतं. बाहेरून पाहिलं तर त्या ॲल्युमिनियमच्या रेषा सरळ उभ्या नसतात, थोड्या कलत्या असतात. मला कारण माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. रद्दीतून आणलेल्या पदविकेच्या एका पुस्तकात चार दिवसांनी उत्तर मिळालं; खात्री करायला आम्ही तिघं मोटर रिवायंडिंगच्या दुकानात गेलो. तिथले मिस्त्री म्हणाले, "सरळ ठेवल्या तर घुंघुं करतंय, आणि सुरू होताना अडकतंय." पट्ट्या सरळ असल्या तर त्या बाहेरच्या लोखंडी दातांसमोर एकदम येतात आणि एकदम जातात, म्हणून हिसके बसतात. तिरपी पट्टी एका टोकानं आत शिरत असते तेव्हा दुसऱ्या टोकानं बाहेर पडत असते. पुतणीला उत्तर आवडलं. पण उत्तरासाठी काकाला चार दिवस लागले, हे तिला जास्त आवडलं असावं. घरी आल्यावर आजीला तिनं आधी तेच सांगितलं. पुढं छताचा पंखा उघडला तेव्हा त्यात उलटा कारभार दिसला. तिथं मधला भाग स्थिर राहतो आणि बाहेरचा फिरतो.

उघडून झालं की धातू वेगळे करायचे. आधी लोहचुंबक. चिकटलं ते एका डब्यात. त्यातही दोन जाती. शिलाई मशीनच्या जुन्या पायाचा तुकडा हातोड्यानं तुटतो आणि आत करडा, दाणेदार दिसतो. पत्रा आणि सळई वाकते. कारखान्यांत पहिल्याला बीड म्हणतात. त्यात कार्बनचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर असतं आणि तो ग्राफाइटच्या रूपात पसरलेला असल्यामुळे ते ठिसूळ होतं. आम्ही कोल्हापूरजवळ राहतो, त्यामुळे पुढचा प्रवास दाखवणं सोपं गेलं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांत असलं भंगार पुन्हा वितळतं. जुन्या पद्धतीच्या कुपोला भट्टीत कोक, कच्चं लोखंड, भंगार आणि चुनखडी थरांनी भरत; आता बऱ्याच ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या आहेत. शिलाई मशीनचा पाय उद्या पंपाचं अंग होऊ शकतो. भंगार म्हणजे संपलेली वस्तू नव्हे, हे मुलांना सांगावं लागलं नाही.

चुंबकाला न चिकटणाऱ्यांत खरी मजा असते. हलकं आणि पांढरं ते 'जर्मन'. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला अजून जर्मनचं पातेलं म्हणतात. खरं जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात ॲल्युमिनियम नसतं आणि नावात असलेली चांदीही नसते. एकदा चकचकीत नळाची तोटी आली. पुतणी म्हणाली स्टील. बऱ्याच स्टीलच्या भांड्यांनाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्यावरून निकाल लागेना. कानस मारल्यावर आत पिवळं दिसलं, तरी तिचं समाधान होईना. मग तोटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, ३४० ग्रॅम भरली. काठोकाठ भरलेल्या तांब्यात ती बुडवली आणि परातीत सांडलेलं पाणी औषधाच्या मापानं मोजलं. तीन वेळा करून ४० मिलिलिटरच्या आसपास आलं. भागाकार साडेआठ. लोखंड पावणेआठच्या वर, पितळ साडेआठच्या आजूबाजूला, तांबं नऊच्या जरा खाली, शिसं अकराच्या वर. पितळ ठरलं. (ज्या तांब्यात हे केलं तो स्टीलचा होता. तांब्या तांब्याचा राहिलेला नाही, याकडे पुतण्यानं लक्ष वेधलं.)

मग वजन आणि विक्री. काहींना यात पैसा आणणं पटत नाही. माझ्या मते तो हवाच, कारण काटा आला की हा खेळ लटका राहत नाही. पूर्वी जुनी भांडी कासाराकडे मोडीत घालून नवी घेत, तेव्हा मोडीचा भाव घरातल्या बायकांना तोंडपाठ असे. तांब्याला लोखंडाच्या वीसपटीहून जास्त भाव मिळतो. मोटर तशीच दिली तर एक रक्कम, तांबं सोलून दिलं तर वेगळी. हा फरक म्हणजे आपल्या कामाचे पैसे, हे मुलं स्वतः मांडून काढतात. पहिल्या वर्षीच्या पैशांतून किल्ल्यासाठी मावळे आले.

वायरची कातडी सोलणं हे कंटाळवाणं काम आहे आणि मला तेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. तिघंही खाली बघत असतो. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. वडील दूर असलेल्या मुलांना 'काय चाललंय शाळेत?' असा समोरून प्रश्न आला की 'काही नाही' एवढंच उत्तर येतं. वर्गात चिडवतात म्हणून पुतण्या दोन महिने डबा एकटाच खात होता, हे मला वायर सोलताना कळलं. त्यानं ते मला सांगितलं असंही म्हणता येणार नाही. तो वायरशीच बोलत होता. मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं पुतणीनं विचारलं, "कोण चिडवतं?" आणि मग सगळं बाहेर आलं.

आता एक अवघड गोष्ट. आमच्याकडे येणाऱ्या भंगारवाल्याबरोबर सुटीच्या दिवशी त्याचा मुलगा असतो, पुतणीच्याच वयाचा. स्वस्त मोटरींत तांब्याऐवजी तांबूस लेपाची ॲल्युमिनियमची तार असते, हे आम्हाला त्यानं दाखवलं. नखानं खरवडली की पांढरी निघते. त्याला आमच्या मुलांपेक्षा दसपट येतं. त्याचे वडील त्याला काट्याजवळ उभं करतात, हिशेब लिहायला लावतात, पण भंगार निवडायला बसू देत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, तुमच्या पोरानं मोटर उघडली की तुम्ही फोटो काढता. माझ्यानं उघडली की लोक विचारतात, शाळा सोडली काय याची?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बालमजुरीच्या १९८६च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि काही अपवाद वगळता चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत चालते, पण तो धंदा धोकादायक यादीतला नसेल तरच. ही रेघ हवीच. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती कचरा वेचणाऱ्यांना कामगार म्हणून मान मिळावा यासाठी. ज्यांच्या घरी हे काम पोटासाठी आहे, त्यांच्या मुलांना त्यातून बाहेर पडता येणं हाच मान असतो. तेच काम ज्यांना खेळ म्हणून परवडतं, त्यांनी हे ज्ञान कुणाचं आहे एवढं तरी मुलांना सांगावं. आमच्या वहीत तारेची ती खूण त्या मुलाच्या नावावर लिहिलेली आहे.

धोक्यांबद्दल. वस्तू हातात आली की पहिलं काम म्हणजे प्लगची वायर कापणं, म्हणजे कुणी चुकून ती पुन्हा लावणार नाही. पंख्याचा कपॅसिटर मोठ्या माणसानंच काढावा. मायक्रोवेव्ह, काचेच्या नळीचा जुना टीव्ही, फ्रिजचा कॉम्प्रेसर, फुगलेली बॅटरी, ट्यूबलाइट आणि सीएफएल यांना मुलांनी आणि मीही हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे. नळीत विजेचा भार साठून राहतो, ट्यूबमध्ये पारा असतो. तांबं मोकळं करायला वायर कधीच जाळायची नाही. प्लास्टिकचा तो धूर विषारी असतो. बीड फोडताना डोळ्यांवर चष्मा. काम संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय फराळाला शिवायचं नाही, कारण डाख दिलेल्या जोडांत शिसं असू शकतं. मोबाइल, संगणक यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्या वस्तू अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जाव्यात.

तसंही त्या उघडून फारसं हाती लागत नाही. जुन्या इस्त्रीत अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळलेली नायक्रोमची पट्टी दिसते आणि ती तापते हे पाहताच कळतं. मोबाइल डिंकानं चिकटवलेला असतो. स्क्रू शोधूनही सापडत नाहीत, आणि आत असते ती काळी, गप्प चकती. नव्या पंख्यांतही वीज वाचवणारी मोटर आणि तिच्यामागे सर्किट आलं आहे. पंखा म्हणून तो सरस आहे यात वाद नाही. पण माळ्यावरचा जुना माल संपत चालला आहे, म्हणून गल्लीत आता आम्ही आधीच सांगून ठेवतो की गजराचं घड्याळ, शिलाई मशीन, टाइपरायटर, टेबल फॅन असं काही निघालं तर हातगाडा येण्याआधी आम्हाला दाखवा.

या वर्षी शेजारून एक टेपरेकॉर्डर आला आहे. दिसणारे सगळे स्क्रू काढले तरी झाकण एका कोपऱ्यात धरून बसलं आहे. मागच्या कागदी चिठ्ठीखाली एक स्क्रू लपवलेला असणार, असं पुतण्याचं म्हणणं आहे. पुतणीच्या मते आतून खाच आहे. चिठ्ठी अजून कुणी सोललेली नाही.